तिसऱ्या तासातला पाय

या वेळी शूजबद्दलची पत्रं इतकी आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले. त्यांतली पाच पत्रं घेते आहे. वाचताना मला सारखं एकच जाणवत होतं. शूज घेताना आपण कौल घेतो तो दुकानात निवांत बसलेल्या पायाचा, आणि ते घालून पळायचं असतं तिसऱ्या तासातल्या पायाला. या दोन पायांचं माप एक नसतं.

प्रश्न : ताई, दोन वर्षं अर्धमॅरेथॉन पळतो आहे, आता पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी चालू आहे. लाँग रन, म्हणजे आठवड्यातला लांब पल्ल्याचा सराव, २० किलोमीटरच्या पुढे गेला तसे अंगठे दुखायला लागले. गेल्या रविवारी २६ किलोमीटर झाले आणि उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. ग्रुपमधले म्हणतात, आता तू खरा मॅरेथॉनवाला झालास. मी कायम ९ नंबर वापरतो, पळायचे शूजही ९ चेच आहेत. नंबर चुकला असेल का?
— एक वाचक, वय ४१

उत्तर : चुकला आहे. आणि काळं नख हा मान नव्हे, ती दुखापत आहे, हे ग्रुपमधल्यांना माझ्या नावानं सांगा. हा समज मला मनापासून खटकतो, कारण त्यापायी लोक टाळता येण्यासारखं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

तुमच्या नखाचं काय झालं ते बघा. किलोमीटरला सहा-साडेसहा मिनिटांच्या वेगानं पळणाऱ्या माणसाची एका किलोमीटरमध्ये साधारण हजार पावलं पडतात. म्हणजे २६ किलोमीटरमध्ये उजवा पाय एकटा तेरा हजार वेळा जमिनीवर आला. दर वेळी पाय शूजमध्ये किंचित पुढे सरकतो, उतारावर जास्तच. पुढे जागा नसेल तर अंगठ्याचं टोक तेरा हजार वेळा भिंतीवर आपटतं. नखाखाली रक्त साकळतं, ते काळं दिसतं.

मग १० किलोमीटरला हे का होत नाही? कारण तेव्हा पाय लहान असतो. तासन् तास पळताना पायाकडे रक्त जास्त येतं, ऊतींमध्ये पाणी झिरपतं, पाय फुगतो. शिवाय तळव्याची कमान उचलून धरणारे स्नायू दमतात, कमान थोडी बसते, पाय लांबतो आणि पसरतो. मी स्वतः हे कागदावर मोजलं आहे. लाँग रनच्या आधी कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढायची, परत आल्याबरोबर त्याच कागदावर दुसऱ्या रंगानं. माझा उजवा पाय २८ किलोमीटरनंतर ३ मिलिमीटर लांब आणि चवड्यापाशी ४ मिलिमीटर रुंद भरला. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जुन्या हिशेबात जवाचा एक दाणा, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. तेव्हा तीन-चार मिलिमीटर ही किरकोळ बाब नाही, जवळजवळ अर्धा नंबर आहे.

माझे पहिले पळायचे शूज मी सकाळी घेतले होते, बसल्या बसल्या, नेहमीचा नंबर सांगून. पहिल्या ३० किलोमीटरनंतर दोन नखं गेली. अंगठ्याचं नख पूर्ण उगवून यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. मला चौदा महिने लागले. तेवढे सगळे महिने मोजा घालताना जपून घालत होते. तो अनुभव तुम्हाला पुन्हा येऊ नये म्हणून सविस्तर सांगते.

शूज संध्याकाळी बघा, जमलं तर लाँग रनच्याच दिवशी संध्याकाळी. पळताना घालता तेच मोजे घालून जा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, माप मोठ्या पायाचं धरायचं. शूजमधली आतली पट्टी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा. टाच मागच्या कडेला लावली की सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी पट्टी रिकामी दिसायला हवी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं त्याच्या शेजारचं बोट लांब असतं. करंगळी पट्टीच्या बाहेर लोंबत असेल तर तो शूज परत खोक्यात, कितीही आवडला असला तरी. पट्टी न काढता नुसता शूज वरून दाबून बघितलं तर फसगत होते, कारण दाबताना आपण नकळत बोटं आखडून घेतो.

तुम्हाला बहुधा साडेनऊ लागेल, कदाचित १०. एक कंपनी जे ९ म्हणते ते दुसरीचं साडेनऊ असू शकतं, म्हणून नंबरावर हटून बसू नका. मोठा शूज घेतला की पाय आत पुढेमागे होईल ही भीती बरोबर आहे, त्याला लेसचा उपाय आहे. तो पुढच्या एका उत्तरात लिहिला आहे.

आता सध्याच्या नखाबद्दल. ठणका फार असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढून देतात आणि लगेच आराम पडतो. घरी सुई तापवून हा उद्योग करू नका. मधुमेह असेल तर पायाच्या कुठल्याही जखमेसाठी थेट डॉक्टरांकडेच जायचं. ठणका नसेल तर नख तसंच राहू द्या, ओढू नका, खालून नवं येईल आणि जुनं आपोआप सुटेल. मात्र काळेपणा नखाबरोबर पुढे सरकत नसेल, किंवा मार न लागताच नखावर काळी उभी रेघ दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे दिरंगाई नको.

प्रश्न : माझा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं. वेळापत्रकात ३२ किलोमीटरचे तीन लाँग रन आहेत, म्हणजे प्रत्येकी चार तास. पहिला कसाबसा केला. शेवटच्या तासात चवडा जळत होता आणि बोटं बधिर झाली. आठवडाभर पाय भरून आल्यासारखे होते, बाकीचे रन बुडाले. मन घट्ट करून उरलेले दोन करावेत की शूज बदलावेत?
— एक वाचक, वय ५२

उत्तर : आधी अंतराचं बघू, मग बधिर बोटांचं.

लाँग रनची प्रथा रुजवणाऱ्यांत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचं नाव फार वर आहे. ते बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ, प्रयोग आधी स्वतःवर करत. त्यांच्याकडे शिकणारी मुलं ऑकलंडजवळच्या वायटारुआच्या चढउतारांच्या वाटेवर २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटरच्या वर पळत. फक्त मॅरेथॉनवाली नव्हेत, ८०० मीटरवालीसुद्धा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच शिष्यांपैकी पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गनं ५,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. तेव्हापासून ‘तीसच्या पुढे गेलंच पाहिजे’ हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पण त्या दर्जाच्या धावपटूला ३५ किलोमीटर म्हणजे अडीच तासांच्या आसपासचं काम. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला किती वेळ राबवलं ते कळतं. चार तास पळून तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठा लाँग रन केलात आणि पुढचा आठवडा त्यात गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उरलेले दोन्ही रन तीन तास, फार तर सव्वातीन तासांवर थांबवा, मग २४ किलोमीटर होवोत की २६. लाँग रनमधून जे मिळवायचं, म्हणजे स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढणं, चरबी इंधन म्हणून वापरायची सवय, हाडांची आणि स्नायुबंधांची मजबुती, ते तेवढ्यात मिळतं. त्यापुढे पळण्याचा ढंग बिघडतो, कंबर खाली बसते, पाय फरफटतो, आणि तो बिघडलेला ढंगच अंगवळणी पडतो. कमी पडल्यासारखं वाटलं तर आदल्या संध्याकाळी तास-सव्वा तास सावकाश पळा. दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांवर तीन तास पळाल, तेव्हा शेवटच्या दहा किलोमीटरांची चांगली कल्पना येईल.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. ग्रुप पुढे जात असेल तर जाऊ द्या, हे मी कळवळून सांगते आहे. स्नायू आणि यकृत मिळून साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, साधारण पाचशे ग्रॅम. वेग वाढवला की ते झपाट्यानं संपतं. सव्वा तासाच्या पुढच्या रनमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या आणि तहान लागेल तसं पाणी. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिणं धोक्याचं आहे, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं.

आता बधिर बोटं. तुम्ही लेस घरून निघताना बांधता आणि घरी येऊनच सोडता, असं मी धरून चालते. तीन तासांत पाय फुगला, लेस मात्र सकाळच्याच मापावर राहिली. पायाच्या वरच्या बाजूनं बोटांकडे जाणाऱ्या नसा तिच्याखाली दबल्या की बोटं बधिर होतात. चवड्याची जळजळही बहुतेक वेळा शूज तिथे अरुंद पडल्यामुळेच होते. पुढच्या रनला दीड तासानं थांबा, पायाच्या वरच्या भागावरची लेस एकेका ओळीनं सैल करा, पुन्हा बांधा आणि पुढे निघा. एवढ्यानं बधिरपणा गेला तर नवे शूज घेऊ नका. गेला नाही तर रुंदी बघायला हवी. ती पुढच्या पत्रात आहे. पळणं थांबवल्यावरही बधिरपणा तासन् तास राहत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ताई, माझा पाय पुढून रुंद, टाच मात्र बारीक. नंबर मोठा घेतला की टाच निसटते, लहान घेतला की करंगळीला बूट चावतो. दुसऱ्या बाळंतपणानंतर तर जुने शूज घालवतच नाहीत. दुकानात सांगितलं की पाय ‘आतल्या बाजूला कलतो’, म्हणून आधार देणारे खास शूज घ्या. ते घेतले, पण तेही चावतात.
— एक वाचक, वय ३६

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझेच दिवस आठवले. बाळंतपणानंतर पाय लांबतो, कमान थोडी बसते आणि पुष्कळदा ते कायमचं असतं. माझा अर्धा नंबर वाढला आणि मला ते दोन वर्षं कुणी सांगितलं नाही. मी वजनाला दोष देत बसले. तेव्हा जुना नंबर विसरा आणि नव्यानं माप घ्या.

बूट ज्या साच्यावर बेततात त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याची लांबी असते तशी रुंदीही असते. लांबी आकड्यात लिहितात, रुंदी अक्षरात. बायकांच्या शूजची सर्वसाधारण रुंदी ‘बी’, पुरुषांची ‘डी’. बायकांच्या शूजमध्ये ‘डी’ म्हणजे रुंद, पुरुषांत रुंद म्हणजे ‘टू-ई’, त्याहून रुंद ‘फोर-ई’. खोक्यावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं. तुम्ही रुंदी मिळवण्यासाठी लांबी वाढवत गेलात, म्हणून टाच निसटली. आधी तुमच्याच लांबीत ‘डी’ मागा. मिळाला नाही तर पुरुषांचे शूज घालून बघा, नंबर सेंटिमीटरमध्ये जुळवून. त्यात कमीपणा कसला? पाय आपला, शूज कुणासाठी बनवला होता याच्याशी त्याला काय देणंघेणं.

आणखी एक माप बहुतेक कुणी घेत नाही. पायाच्या मापासाठी ब्रॅनॉक नावाचं धातूचं उपकरण असतं. ते टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि रुंदी तर मोजतंच, शिवाय टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापर्यंतची लांबीही मोजतं. शूज वाकतो तो त्या सांध्यापाशी. दोघींची एकूण लांबी सारखी असली तरी एकीची बोटं लांब आणि दुसरीची आखूड असू शकतात. उपकरण नसेल तर शूज हातात घेऊन वाकवा आणि तो जिथे मोडतो तिथेच तुमच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा येतो का, ते पायाशी लावून बघा.

टाचेसाठी लेस अशी बांधा. सर्वांत वर, घोट्याजवळ, ओळ सोडून किंचित मागे एक जादा भोक असतं. बरेच जण ते रिकामंच ठेवतात. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकात घालून बारीकसा फास ठेवा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून काढून, खाली टाचेच्या दिशेला ओढा आणि गाठ मारा. टाच जखडली जाते आणि चवडा मोकळा राहतो. करंगळीच्या वर जिथे चावतं, तिथल्या भोकांत लेस आडवी नेऊ नका. कडेनं सरळ वर न्या, म्हणजे तेवढी जागा सैल पडेल.

‘आतल्या बाजूला कलतो’ याचा फार धसका घेऊ नका. पाय टेकल्यावर थोडा आत वळणं ही धक्का जिरवण्याची शरीराची स्वतःची सोय आहे. अमेरिकी सैन्यदलांत रिक्रूटांना कमानीच्या आकारानुसार वेगवेगळे शूज देऊन पाहिले, त्यानं दुखापती कमी झाल्या नाहीत. घातल्या क्षणी, पहिल्या दहा पावलांत जो शूज आहे हे विसरायला होतं, तो तुमचा. ‘पळून पळून सैल होईल’ या आशेवर काही घेऊ नका. हल्लीच्या शूजचा वरचा भाग जाळीचा असतो, तो चामड्यासारखा पायाच्या आकारानं सैलावत नाही.

प्रश्न : इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकला. मग शूजवर एवढा खर्च कशाला? मी पण अनवाणी सुरू करू का?
— एक विद्यार्थी, वय १९

उत्तर : तुझा प्रश्न मला आवडला. १९६० मध्ये रोमला बिकिला अनवाणी पळाला, २ तास १५ मिनिटांत जिंकला. पण तो अनवाणी का पळाला हेही बघ. तिथे मिळालेले शूज त्याच्या पायाला नीट बसले नाहीत आणि अनवाणी पळायचा सराव त्याला आधीपासून होता. चार वर्षांनी टोकियोत तो शूज घालून पळाला, पुन्हा जिंकला, २ तास १२ मिनिटांत, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला जेमतेम पाच-सहा आठवडे झालेले असताना. मी यातून एवढंच घेते, की चावणारा शूज घालून ४२ किलोमीटर पळण्यापेक्षा त्यानं शूजच नाकारला.

तुला करून बघायचं असेल तर बघ, पण गवतावर, आठवड्यातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. अनवाणी पळताना चवडा आधी टेकतो, आणि जो भार गुडघा उचलत होता त्यातला बराचसा पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. त्यांना तयार व्हायला महिने लागतात. घाई केली तर पायाच्या लांब हाडांना तडे जातात. लाँग रन मात्र शूज घालूनच कर.

प्रश्न : साठीनंतर पळायला लागले, आता आठवड्याला ३० किलोमीटर होतात. शूज किती किलोमीटरला बदलायचे? आणि दुकानात पळून बघा म्हणतात, पण मला तिथे पळायची फार लाज वाटते.
— एक वाचक, वय ६३

उत्तर : शूजचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, तुमच्या हिशेबानं चार ते सहा महिने. वजन, रस्ता आणि फोम यांवर ते कमीजास्त होतं. खालची नक्षी शाबूत असली तरी मधला फोम आधी मरतो. शूज टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल तर त्याचं झालं. मी शूजच्या जिभेच्या आतल्या बाजूला पहिल्या रनची तारीख पेनानं लिहून ठेवते. जमलं तर दोन वेगळे जोड आलटूनपालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवलं तेव्हा एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या होत्या. नवे शूज आधी छोट्या रनना घाला, मग लाँग रनला, शर्यतीला त्यानंतरच.

आणि लाजेचं म्हणाल, तर ज्या बाई आठवड्याला ३० किलोमीटर पळतात त्यांनी दुकानातल्या दहा पावलांची लाज का बाळगायची? मी दर वेळी पळते. दोन्ही पायांत शूज, लेस नीट बांधलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेऱ्या. जिना असला तर दोनदा उतरते, कारण बोटं पुढे आपटतात की नाही ते उतरतानाच कळतं. अवघड वाटलं तर मैत्रिणीला सोबत न्या आणि गर्दी नसेल तेव्हा जा. येत्या लाँग रननंतर घरी आल्याबरोबर, आंघोळीच्या आधी, मोजे काढून कागदावर उभ्या राहा आणि कुणाला तरी दोन्ही पायांभोवती रेघ काढायला सांगा. तो कागद सोबत न्या आणि शूजमधली पट्टी त्यावर ठेवून बघा. रेघ पट्टीच्या बाहेर जात असेल तर दुसरा जोड मागा.